दादाचं डिझेल

पंचावन्न वर्षं उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात तो अजून धाकटाच. धाकट्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत येतच नाही की काय, कोण जाणे. याला तरी कधी आली नाही, आणि थोरल्यासमोर तर नाहीच नाही.

थोरला, म्हणजे दादा, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला त्याच वर्षी वहिनी गेली. सहा महिने तो भिंतीकडे बघत बसून होता. मग काय डोक्यात घेतलं कुणास ठाऊक, हॉटेलांतलं तळून उरलेलं तेल आणून मागच्या शेडमध्ये त्याचं बायोडिझेल करायला लागला. पहिला कॅन धाकट्याच्या पिठाच्या ट्रकमध्ये ओतला, ट्रक सुरू झाला आणि दादा हसला. वहिनी गेल्यावर पहिल्यांदा. ते हसू बघून धाकट्याला भरून आलं होतं.

उन्हाळ्यात ते तेल झकास चालायचं. पहिल्या कडाक्याच्या थंडीत मात्र थिजलं, फिल्टर पांढऱ्या लोण्यानं भरला आणि ट्रक वाटेतच बसला. संध्याकाळी दादानं विचारलं, "कसं चाललंय?" "एकदम मस्त," धाकटा म्हणाला. झालं! एकदा खोटं बोललं की ते जन्मभर पोसावं लागतं. तेव्हापासून थंडी पडली की दादाचे कॅन गोदामामागे ताडपत्रीखाली जायचे आणि टाकीत पंपावरचं साधं डिझेल. तीन हिवाळे हा उद्योग. कॅन उचलून कंबर धरायची, पण त्याहून जास्त दमवायचं ते रोज संध्याकाळी "मस्त" म्हणणं. त्या एका शब्दाचा त्याला वीट आला होता.

आज सकाळी चहाचा कप पुढे करत दादा म्हणाला, "शाळेच्या बसलाही दिलंय कालपासून. निम्मं आपलं, निम्मं पंपाचं. बसवाल्या बाई तयार नव्हत्या. म्हटलं, माझ्या भावाचा ट्रक तीन हिवाळे चालतोय, आणखी काय पुरावा हवा?"

बाहेर दव गोठून गवत पांढरं पडलं होतं. धाकट्यानं कप खाली ठेवला. बस निघायला अजून वीस मिनिटं होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण "बरं" म्हणून त्यानं किल्ली उचलली. निम्मंच तर आहे, चालेलही कदाचित, असं मनाला समजावत तो गोदामात गेला. पोती चढवून होईपर्यंत तास गेला. तेवढ्या वेळात मन काही समजलं नाही.

ट्रक घेऊन तो निघाला, तर शाळेच्या अलीकडच्या चढावर बस कडेला उभी होती. इंजिन बंद, हीटर बंद. आत तीसेक पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. बाईंनी बोलावलेला दादा स्कूटरवरून येऊन पोहोचलाही होता. रस्त्यावर गुडघे टेकून तो फिल्टर उघडत होता, हात मनगटापर्यंत पांढरे.

"काका, पोरं गारठलीत," बाई म्हणाल्या. "मी सांगत होते, हे तेल थंडीत नको."

"तेलाला कशाला नावं ठेवता? फिल्टर जुना असेल तुमचा." तेवढ्यात दादाला भाऊ दिसला आणि त्याचा चेहरा खुलला. "हा बघा आला! विचारा यालाच. सांग रे, तीन हिवाळ्यांत एकदा तरी ट्रक बंद पडला का?"

आणखी एकदा "नाही" म्हटलं की सुटका होती. दोष बाईंच्या फिल्टरवर गेला असता. आणि उद्या सकाळी हेच तेल, हीच पोरं, हाच चढ.

"पडला," धाकटा म्हणाला. "पहिल्याच थंडीत. त्यानंतर हिवाळ्यात तुझं तेल टाकलंच नाही मी. सगळे कॅन गोदामामागे पडलेत."

बाई पोरांकडे वळल्या. दादा ओरडेल, निदान दोन शिव्या तरी घालेल, असं धाकट्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला.

"किती थंडी होती त्या दिवशी?"

"अं?"

"बंद पडला त्या दिवशी. आणि मिश्रणात आपलं तेल किती होतं?"

"आता आठवत नाही रे."

"आठवत नाही." दादानं मान हलवली. "अरे, तेव्हा सांगितलं असतंस तर एक दिवस वाईट वाटलं असतं मला. दुसऱ्या दिवशी मी प्रमाण कमी केलं असतं. तीस वर्षं पोरांचे फसलेले प्रयोग धुतलेत मी. फसण्याचं काय घेऊन बसलास?"

धाकट्याचा थकवा होता तसाच होता. खरं बोलल्यावर तो उतरेल, असं त्याला उगीच वाटत आलं होतं.

दादा पुन्हा फिल्टरकडे वळला. "ही टाकी रिकामी करून दुसरं भरावं लागेल. तुझ्या टाकीत साधं डिझेल किती आहे?"

"अर्धी टाकी असेल."

दादानं वर पाहिलं. "खरं सांग."