बजाबाईची टोळी

"बर्री, बर्री, या सायेब! चपला तितंच काढा," बजाबाई कडब्याच्या कोपीतून ओरडली. मी मोटरसायकल बांधाला लावेपर्यंत तिनं पत्रावळ मांडलीसुद्धा.

वेळ अमावस्येचा दिवस. आमच्या अक्कलकोटच्या बाजूला तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं माणसांनी भरतात. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि बांधावर जो दिसेल त्याला मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील खाऊ घालायचं. ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याच्या रानात जेवावं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मी कृषी सहायक. मला गुंठाभर जमीन नाही, पण आमंत्रणं इतकी येतात की दुपारपर्यंत पोटाला तडस लागते.

बजाबाईचं रान दुधनीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. दोन्ही बाजूंच्या रानांत आता प्लॉट पडलेत. मधे हिची ज्वारी उभी, आणि कडेला हरभऱ्याची पट्टी. तिचा मुलगा गुरु चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, राहतो सोलापुरात. रजा टाकून आला होता. लिंबाखाली बसून तो फोन बघत होता आणि मधूनच रस्त्याकडं.

पातेलं बघून मी म्हणालो, "मावशी, गावजेवण आहे का काय?"

"माजी टोळी यायची हाय की."

त्या टोळीवर काय अवलंबून होतं ते मला गुरुनं आधीच सांगितलं होतं. रान घ्यायला एक प्लॉटिंगवाला वर्षभर मागं लागला होता. आई अंगठा देत नव्हती. शेवटी मायलेकांचं ठरलं की येळवशीला जेवायला येणाऱ्या खुरपणाऱ्या बायकांच्या टोळीला विचारायचं. त्या बायकांनी रान निम्म्या वाट्यानं करायला घेतलं तर ठेवायचं, नाहीतर विकायचं. तिच्या एकटीच्यानं आता होत नव्हतं. मागल्या सुगीत ज्वारी काढायला माणूस मिळालं नाही आणि निम्मी कणसं पाखरांनी नेली.

"सायेब, रान राखायला सरकारकडं काय हाय का हो?" तिनं वाढता वाढता विचारलं.

"मातीला आहे, पाण्याला आहे, अवजारांना आहे. शेततळं दिलंय, ठिबक दिलंय."

"व्हय, समदं दिलंत. आन माणसाला?"

"माणसाला प्रशिक्षण आहे," मी म्हणालो. ते देऊनही झालं होतं.

झालं होतं असं. ऑफिसातून हुकूम आला, शेतमजूर बायकांना द्राक्षाची विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, शिकवा. बायका काही येईनात. "शिकून काय कलेक्टर व्हायचंय व्हय?" म्हणून दारातूनच वाटेला लावायच्या. तेव्हा ही बजाबाई घरोघर फिरली. तिच्या रानात वर्षानुवर्षं खुरपणारी आख्खी टोळी, मुकादमीण फुलाबाईसकट, तिनं हाताला धरून आणली. बायका पटकन शिकल्या. साहेब लोक खूश, मीही खूश. पुढल्याच मोसमात द्राक्षबागायतदारांचा पिकअप गावात यायला लागला. पहाटे भरून न्यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. गावातल्या रानांना खुरपणारं उरलं नाही. सरकारनं मजूर तयार करायला सांगितले होते, ते तयार झाले होते.

दिवस कलला तेव्हा पिकअप बांधाशी थांबला. बायका उड्या मारून उतरल्या. डोक्याला टोप्या, बोटं काळी पडलेली. "आत्या, भूक लई लागलीया!" म्हणत त्या ओळीनं बसल्या. जेवणाऱ्याला मधेच काम सांगू नये, असं इकडं मानतात. बजाबाईनं आग्रह करकरून वाढलं. गुरुचा जीव टांगणीला लागला होता. माझाही, खोटं कशाला बोला.

हात धुऊन झाल्यावर तिनं विचारलं. फार घोळवलं नाही.

"फुला, माजं रान करता का तुमी? निम्मं तुमचं."

फुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. बाकीच्या बायका पांडवांच्या दगडांकडं बघत बसल्या.

"आत्या, तुमचं खाऊन न्हाय म्हनायचं म्हंजे जीभ उचलंना. पर ज्वारी उपटून कंबर ऱ्हात न्हाय. तितं सावलीला उभ्यानं काम हाय, हप्त्याला रोकडा हाय. बागवाले नाव घिऊन हाक मारत्यात. हितं जलमभर 'ए बाई' म्हनूनच गेलं की."

"व्हय."

"तुमीच न्हेलं की आमाला वढून."

"न्हेलं तर. चांगलंच झालं," बजाबाई म्हणाली. तिनं आंबिलीचं भांडं पुढं ओढलं. "आंबील घ्या आजून, लई उरलीया."

बायका गेल्या. जाताना प्रत्येकीनं तिच्या पायाला हात लावला. मला फार वाईट वाटलं. ज्याला दोष द्यावा असं कुणी सापडेना, म्हणून जास्तच.

"बोलाव त्या मानसाला," बजाबाई गुरुला म्हणाली.

"अव्वा, तू सोलापूरला चल आमच्याकडं. हितं एकटी..."

"येते की. न्हाय कुटं म्हटलं?"

गुरु फोन घेऊन रस्त्याकडं गेला. मी किल्ली काढली. मागं वळून बघतो तर बजाबाई हरभऱ्यात वाकलेली. हरभरा उशिरा पेरलेला, वीतभर झालेला. या वयात त्याचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात, घाटे जास्त लागतात. ती एकेका झाडाचा शेंडा चिमटीत धरून खुडत होती.

"मावशी, राहू द्या ना आता. कशाला?"

तिनं मान वर केली नाही.

"रान इकलं त्ये हरबऱ्याला कुटं ठावं हाय, सायेब?" ती म्हणाली, आणि खुडलेले शेंडे पदरात टाकत पुढच्या ओळीला लागली.