वालेलियाच्या अंगणातली हवा

झाडं फस्त करणाऱ्या पतंगांची कीड मारायला पश्चिम ऑकलंडवर विमानातून जिवाणूंचं औषध फवारत. फवारणीच्या सकाळी वालेलियाच्या लेकीच्या, टिलोमाईच्या, छातीचा नुसता भाता व्हायचा. तेवढ्या दिवसांपुरती लेकीची सोय दुसरीकडे करा, इतकंच आईचं मागणं. फवारणी खात्याचे साहेब म्हणत, "औषधातलं काही तुमच्या अंगणात पोचतं, याचा पुरावा द्या."

पुरावा गोळा करायला हवा तपासणारी हुईया आली. ही माओरी पोरगी कामाला भलतीच चिकट. हवा पकडायच्या नळीत भलता वास शिरू नये म्हणून अंगाला अत्तर नाही, हाताला साबण नाही. अंगणातल्या टेबलावर तिने छोटा पंप मांडला. विमान गेल्यावर तो कोळशाची पूड भरलेल्या नळीतून तासभर हवा ओढत राहिला.

नळीत अडकलेल्या वाफांचा आकडा आला तो सगळ्या वस्तीत मोठा. चर्चच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. हुईया मात्र कागदाकडेच बघत होती.

"आंटी, यात पाइनचा वास फार आहे. अंगणात काही वापरलं होतंत?"

पाहुणी येणार म्हणून वालेलियाने तेच टेबल पाइनच्या तेलाच्या फिनेलने घासून लख्ख केलं होतं. सामोअन बाई पाहुणीचं सामान मळक्या टेबलावर ठेवू देईल होय! गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? शेजारी लेक धापा टाकत होती.

"फिनेल. मीच घासलं," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"झालं! हातचा पुरावा घालवलास, वहिनी," दीर करवादला.

हुईयाने आकड्यावर काट मारली. "मंगळवारी पुन्हा फवारणी आहे, आंटी. झाडू, फिनेल, चूल, सगळं बंद. चालेल?"

"लाज काढतेस गं पोरी माझी. ये."

मंगळवारी वालेलियाने पाहुणीला साधा चहाही विचारला नाही. जीव नुसता कासावीस झाला तिचा. हुईयाने एक नळी विमानाआधी लावली, एक नंतर.

आधीची नळी कोरी निघाली. नंतरचा आकडा मागच्याच्या निम्माही नव्हता, पण होता.

"याही वेळी काही घासलं असेल," कचेरीत कागद बघून साहेब म्हणाले.

हुईया ताडकन उठली. "या बाईने स्वतःचा मोठा आकडा स्वतः खोडला, साहेब. आता हा लहान आकडा तुम्ही खोडून दाखवा."

साहेबांनी पेन काढलं आणि फवारणीच्या दिवशी दुसरीकडे न्यायच्यांच्या यादीत टिलोमाईचं नाव लिहून घेतलं.