पंपघरामागची जागा

फौजदार कधीच पोलिसात नव्हते. कारखान्यात तयार माल तपासून शिक्का मारण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पुढे कुणाची तरी सायकल चोरीला गेली, आवारात कॅमेरे आले, त्यांचा पडदा सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात बसला आणि लोकांनी त्यांचं नाव फौजदार ठेवलं.

माणूस मायाळू, हीच पंचाईत. बाकावर गप्पा मारणारी मंडळी ते पडद्यावर बघायचे आणि सकाळी जिन्यात गाठून मनापासून विचारायचे, "शिंपीमामा, काल लेकाशी हातवारे करून बोलत होतात. घरी सगळं ठीक ना?" देवही सगळं बघतो, पण बघितलेलं पोटात ठेवतो, म्हणून तर त्याच्यापुढे माणूस मोकळा रडतो. फौजदारांच्या पोटात काही राहत नसे. हळूहळू बाक ओस पडला. मंडळी पंपघरामागच्या कट्ट्यावर बसू लागली, जिथे एकाही कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती.

त्यांत फौजदारांची बायकोही होती. रोज संध्याकाळी ती पडद्यावर जिना उतरायची, पंपघराच्या भिंतीशी वळायची आणि नाहीशी व्हायची. परतताना एकटीच हसत यायची.

"एवढं काय हसत होतीस?"

"काही नाही हो, असंच."

ते "असंच" फौजदारांना कुसळासारखं टोचायचं.

अशात पंपघराचा पितळी नळ कुणीतरी काढून नेला. कमिटीने ठरवलं, तिथेही कॅमेरा लावायचा. कुठे लावायचा ते सेक्रेटरींनी सांगावं.

"तिथंही लावणार?" बायकोने जेवताना विचारलं.

"लावायलाच हवा. का, माझ्यापासून काही लपवायचंय?"

"लपवायचं कसलं? तुम्ही बघताय म्हटलं की सगळे नीट बसतात. नीट बसून कंटाळा येतो हो. लावा तुम्ही, आम्ही घरीच बसू."

तिने ताट उचललं. फौजदारांचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी ते जागा बघायला गेले आणि भिंतीच्या अलीकडेच थबकले. पलीकडे शिंपीमामा कुणाची तरी नक्कल करत होते. "मला एक कळत नाही, हा चमचा कचऱ्यात गेला कसा? कोण जबाबदार?" आवाज हुबेहूब फौजदारांचा. मंडळी लोटपोट. आणि सगळ्यांत वर बायकोचं हसू, श्वास पुरत नसल्यासारखं. नव्या संसारात हे हसू त्यांनी ऐकलं होतं. ते घरातून कधी गेलं, हे मात्र इतक्या तपासण्यांत निसटलं होतं.

"पुरे हं मामा," ती दम घेत म्हणाली, "माझाच माणूस आहे तो. वाईट नाहीये."

फौजदार पाय न वाजवता माघारी फिरले. कान तापले होते, पण पडद्यासमोर बसल्यावर रागाऐवजी त्यांना नुसतंच एकटं वाटलं.

दोन दिवसांनी चौकीचे हवालदार नळाच्या चौकशीला आले. आवारभर फिरून पंपघरामागे थांबले.

"काका, हा कोपरा आंधळा आहे. इथं कॅमेरा नाही?"

"गरज नाही," फौजदार म्हणाले. "इथे माणूस बसतो."

"कोण?"

घसा खाकरून ते म्हणाले, "मी."

हवालदारांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चोर आला तर धावाल?"

"ओरडेन. ओरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

"ते ऐकून आहे मी," हवालदार हसले. "मग रोज बसा. आणि नळ प्लास्टिकचा लावा, तो कोण नेतोय."

आता पोलिसाला शब्द दिला म्हणजे पाळणं आलं. त्या संध्याकाळी फौजदार पंपघरामागे गेले. बोलणं चटकन थांबलं. शिंपीमामांनी पाय खाली घेतले, सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. बायकोने मान खाली घातली.

"कॅमेरा येत नाहीये," फौजदार म्हणाले. "त्याच्या जागी हवालदारांनी मला नेमलंय."

मग ते शिंपीमामांकडे वळले.

"मामा, त्या चमच्याच्या वेळी मी आधी चष्मा पुसतो आणि मग 'कोण जबाबदार' म्हणतो. तुम्ही फार घाई करता."

बायको आधी खुदकन आणि मग पोट धरून हसली, आणि हसता हसताच सरकून तिने शेजारी जागा केली.