न काढलेलं चित्र

किंबातने अकरा गॅलऱ्यांना पत्रं पाठवली होती, प्रत्येकीला चाळीस-चाळीस चित्रांचे फोटो जोडून. एकीचंही उत्तर आलं नव्हतं. बिश्केकच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी, चव्वेचाळीस वर्षांची बाई. सुट्ट्यांत डोंगराकडच्या ओस घरांत बसून तिथल्या रिकाम्या खोल्यांची चित्रं रंगवायची. शेवटी ती आपल्या जुन्या मास्तरांकडे, सादिरबेक आगायकडे गेली.

"अगं, पाहुणा उंबऱ्यात आला की त्याच्यापुढे अख्खा घोडा शिजवून ठेवतेस का?" म्हातारा खो-खो हसला. "आठच पाठव. एका जातीची. आणि आधी बघ तरी, ते भिंतीवर काय लावतात. गरुड आणि तळी विकणाऱ्याला तुझ्या खोल्या कशाला हव्यात?"

"आणि पत्रात काय लिहू, आगाय?"

"पाच ओळी, गॅलरीच्या मालकाचं नाव घालून. वेळ माग. चित्रं काखोटीला मारून दारात उभी राहू नकोस, भाजीवाल्यासारखी."

हिवाळाभर तिने फोनवर गॅलऱ्यांची प्रदर्शनं चाळली. सीमेपलीकडच्या अल्माटीतली रौझा आपायची, म्हणजे रौझाताईंची, गॅलरी तिला पटली. तिथे शांत, माणसं नसलेली चित्रं असत. तिने पाच ओळी लिहिल्या आणि आठ चित्रांचे फोटो जोडले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "मागच्या वर्षीही असंच विचारून आला असतात तर बरं झालं असतं. गुरुवारी अकराला या."

मागच्या वर्षी तर तिने अल्माटीत पाऊलही टाकलं नव्हतं. कुणा दुसरीशी गल्लत झाली असेल, असं म्हणून ती गुरुवारी पहाटेच्या गाडीने निघाली.

रौझा आपाय साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. त्यांनी दुधाचा चहा ओतला आणि किंबातकडे निरखून पाहिलं.

"तब्येत सुधारलेली दिसतेय. तेव्हा फार ओढलेल्या दिसत होतात."

"आपाय, मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"चेष्टा करता काय माझी?" त्या हसल्या, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यांनी मागच्या वर्षीची नोंदवही काढली. चौदा मार्च, दुपारी एक. किंबात ओस्मोनोवा, एक तैलचित्र. खाली सही. तिचीच, 'क'च्या शेपटीसकट.

किंबातने चहाची वाटी खाली ठेवली. त्या चौदा मार्चच्या दुपारी ती कोचकोरला, माहेरच्या गावी, आईच्या उशाशी होती. त्याच दुपारी आई गेली.

"विचारल्याशिवाय आलात म्हणून मी फटकारलं होतं," आपाय आता हळू बोलत होत्या. "बाहेर चिखल होता आणि तुमच्या पायांत नुसते लोकरीचे मोजे. तेही कोरडे. बसा म्हटलं, तर म्हणालात, 'वेळ नाही, आई उठवेल मला.'"

गोदामात आपायनी एका चित्रावरचं कापड काढलं. कोचकोरची खोली. निळी खिडकी, शेगडी, भिंतीवरचा शिर्दाक, लोकरी गालिचा. अगदी असंच चित्र किंबातच्या घरी चित्राच्या घोडीवर वर्षभर अर्धवट पडलं होतं. खाटेची जागा कोरी होती, कारण आईला रंगवायला हात धजत नव्हता.

इथे खाट भरलेली होती. खाटेच्या कडेला डोकं टेकून एक बाई गाढ झोपली होती. आई मात्र जागी होती. तिने झोपलेल्या लेकीच्या केसांवर हात ठेवला होता, आणि तिची नजर लेकीवरच होती.

किंबात चित्राच्या जवळ गेली. त्या दुपारी आपला डोळा लागला होता, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही. जाग आली तेव्हा आई गार पडली होती आणि तिचे हात तिच्याच छातीवर होते. आपण झोपलो आणि ती एकटीच गेली, ही टोचणी ती वर्षभर वागवत होती.

तिने रजईच्या पांढऱ्यावर बोट टेकवलं. बोटाला ओला रंग लागला.

"वर्ष झालं, वाळतच नाही," आपाय पुटपुटल्या. "म्हणून तर कुणाला दाखवलं नाही." मग त्या कामाच्या बोलण्यावर आल्या. "तुमची आठही चित्रं मला हवीत. दोन वर्षांचा करार करू. हे मध्यभागी लावलं तर..."

"हे नको, आपाय. हात माझा आहे, पण हे मी काढलेलं नाही. लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"दुसरी कुणी असती तर बेधडक 'माझंच' म्हणाली असती," आपाय म्हणाल्या आणि त्यांनी चित्रांच्या यादीतली त्या चित्राची ओळ खोडली.

चित्र घेऊन किंबात थेट कोचकोरला गेली. भावाला सगळं सांगितलं, झोपेचंही. तो चित्रापुढे जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, आई एकटी नव्हती गं." दोघं पोटभर रडली. चित्र त्याच खोलीत राहिलं.

सप्टेंबरात आठ चित्रांचं प्रदर्शन लागलं. आगाय नवी पांढरी टोपी घालून आले होते. किंबात गॅलरीबाहेरच्या कोपऱ्यावर पोचली आणि तिथेच थांबली. तिने फोन लावला.

"आपाय, मी आत आलेय का?"

पलीकडे गर्दीचा गलबला होता. आपाय बहुतेक सगळीकडे नजर फिरवून बघत होत्या.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "लवकर या."