रुमालावर उतरलेला कॅन्सर

बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे अर्कगुरू केयूरजी, अंगात खादी, मनगटावर स्मार्टवॉच. त्यांनी जयंतीच्या मानेखाली पिवळा अर्क चोळला, स्वतःच्या पांढऱ्या रुमालाने पुसला, आणि रुमाल लाल झाला.

"बघा, कॅन्सर उतरतोय. छत्तीस वनस्पती, साइड इफेक्ट झीरो. केमो म्हणजे नुसतं केमिकल."

हॉलभर हात जोडले गेले, त्यात विमलाचेही होते. जयंतीला, तिच्या थोरल्या जावेला, तिनेच इथे आणलं होतं. स्तनातल्या गाठीसाठी केमो चालू होती. जयंतीचे केस गेले, अन्न नकोसं झालं, ते विमलाला बघवेना. आता केमो बंद होऊन दोन महिने झाले होते, आणि रुमालावरचा लाल रंग दर रविवारी फिका पडत होता; म्हणजे गुण येतोय, असं गुरुजी सांगत.

त्या दुपारी विमलाने जयंतीचा ब्लाउज धुवायला घेतला. त्यावर अर्क सांडला होता. साबणाची वडी फिरवताच पिवळा डाग लाल झाला आणि तिचा हात थांबला. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे तिला ठाऊक नव्हतं का? मुलाच्या हळदीनंतर तिने अशा चार साड्या धुतल्या होत्या. हॉलमध्ये मात्र तिने चपलांबरोबर डोकंही बाहेरच काढून ठेवलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

पुढच्या रविवारी ती साध्या पाण्यात खळबळलेला रुमाल आणि एक लिंबू घेऊन गेली.

"गुरुजी, आज ह्याने पुसा."

"ताई, माझा रुमाल सिद्ध केलेला आहे."

"कॅन्सर काय रुमाल बघून उतरतो?"

कुणीतरी हसलं. तिने स्वतःच जयंतीच्या मानेखालचा अर्क पुसला. रुमाल पिवळाच राहिला. मग गुरुजींचा आधीच्या पेशंटवर लाल झालेला रुमाल उचलून तिने त्यावर लिंबू पिळलं. तोही पिवळा झाला.

"हळद आहे ही. सोड्याने लाल होते, लिंबाने परत पिवळी. ह्यांचा रुमाल धुण्याच्या सोड्यात बुडवून वाळवलेला. वहिनी बऱ्या होत नव्हत्या, सोडा कमी होत होता."

केयूरजी मागच्या दाराने सटकले. पुढे बसलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "मग आता आम्ही कुठे जायचं?"

"डॉक्टरकडे," विमला म्हणाली. "आम्हीही उद्या जातोय."

डॉक्टरांनी तपासलं. "गाठ वाढलीय. उपचार आहेत, पण दोन महिने फुकट गेले. माझं वनस्पतींशी वैर नाही. सदाफुलीपासूनही कॅन्सरची औषधं बनतात, पण तपासून, मोजून. काही घ्यावंसं वाटलं तर आधी मला विचारा. उपचार मात्र सोडू नका."

बाहेर जयंती म्हणाली, "विमल, रडू नकोस. तू माझ्या भल्यासाठीच नेलंस ना?"

भल्यासाठीच नेलं होतं, आणि तेच विमलाला सोसत नव्हतं. आधी तपासलं असतं, तर ते दोन महिने आज जयंतीच्या हाती असते. तुमच्या घरातल्या आजारी माणसाला कुणी असा चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एक रुमाल आपल्या घरचा घेऊन जा.