न मिळालेली गादी

टोपवाल्याच्या दुकानात गादी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुकानाच्या पाटीवर मात्र ठळक अक्षरांत ‘गाद्या व उशा’ असं लिहिलेलं होतं आणि काचेमागे एक उशी मांडलेली होती. ती उशी विकायची नव्हती. कुणी चुकून गादी घ्यायला आत आलंच, तर टोपवाला हातातली सुई खाली ठेवायचा, खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा आणि सांगायचा, ‘‘आत्ताच संपल्या हो.’’ अशा रीतीने त्या दुकानात वीसेक वर्षं गाद्या आत्ताच संपत आल्या होत्या.

खरा धंदा केसांच्या टोपांचा. टोप घेणाऱ्या माणसाला जगात एकच गोष्ट नको असते, ती म्हणजे त्यानं टोप घेतलाय हे कुणाला कळणं. म्हणून पाटी गाद्यांची, पावती गादीची, आणि कार्डाच्या मशीनमधून निघणारी चिठ्ठीसुद्धा गादीची. ‘गादी, एकेरी, नग एक.’ शिवाय गिऱ्हाईक बाहेर कुठं भेटलं तर ओळख दाखवायची नाही, हा टोपवाल्याचा कडक नियम. सख्ख्या साडूला टोप बसवून दिल्यावर त्यानं वर्षभर साडूला ओळख दाखवली नव्हती. साडूला वाटलं, सासऱ्याच्या जमिनीवरून राग आहे. त्यानं आपणहून जमिनीतला वाटा सोडला.

टोपवाला स्वतः मात्र तुळतुळीत. कुणी दिव्याखाली अंधार म्हणून चिडवलं तर म्हणायचा, ‘‘अंधार असतो म्हणूनच दिवा दिसतो.’’

अशा या शांत, गुप्त आणि गादीविरहित दुकानात एके दिवशी बँकेचं पत्र आलं. आपल्या ग्राहकाने गादीचे पैसे कार्डाने दिले, परंतु गादी मिळाली नाही अशी त्याची तक्रार आहे. सबब सदर रक्कम आपल्या खात्यातून काढून ग्राहकास परत करण्यात आली आहे. आपले म्हणणे असल्यास महिनाअखेरपर्यंत पुराव्यासह कळवावे.

टोपवाल्यानं पत्र दोनदा वाचलं आणि स्टुलावर बसला. ती रक्कम म्हणजे दुकानाचं थकलेलं भाडं होतं. घरमालकानं आधीच बजावलं होतं की महिनाअखेरीला पैसे नाहीतर उशी उचला आणि चालते व्हा.

तक्रार करणारा होता पंखेवाला. टोपवाल्याच्या हातून उतरलेलं सर्वांत अवघड डोकं. पंख्यांचं दुकान, दिवसभर डोक्यावर, समोर, बाजूला पंखेच पंखे, सगळे चालू. माप देताना तो म्हणाला होता, ‘‘काका, वाऱ्यानं केस हलले पाहिजेत, नाहीतर लोकांना संशय येईल. पण केस जागचे हलता कामा नयेत, नाहीतर खात्री पटेल.’’ टोपवाल्यानं त्या एका टोपावर उभा पावसाळा घालवला होता. आणि आता तोच माणूस म्हणत होता, मिळालं नाही. केसानं गळा कापतात तो असा.

‘‘पत्राला पत्रानंच उत्तर द्यायचं,’’ टोपवाला बायकोला म्हणाला आणि लिहायला बसला.

बायको विमा कंपनीत दावे तपासायला होती. दावे तपासणं म्हणजे दावे फेटाळणं, हे तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि तेव्हापासून तिची तब्येत उत्तम होती. ती भाजी निवडत होती. टोपवाल्यानं दोन पानं भरून तिच्यापुढं धरली. गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही, हा नियम त्यानं पत्रातही पाळला होता. जिथं जिथं टोप लिहायचं, तिथं तिथं त्यानं गादी लिहिलं होतं.

बायको मोठ्यानं वाचू लागली.

‘‘‘महोदय, सदर गादी ग्राहकाच्या डोक्याचे माप घेऊन बनवली आहे. ती कानांच्या किंचित वर संपते. ग्राहक रोज सकाळी गादी लावूनच दुकानात जातो व दिवसभर गादीसह गल्ल्यावर बसतो. वारा आल्यास गादी भुरभुरते. दर रविवारी ग्राहक गादी सौम्य साबणाने धुऊन विंचरतो. गादीमुळे तो दहा वर्षांनी तरुण दिसतो, असे त्याच्या ओळखीचे लोक म्हणतात.’’’

तिनं कागद खाली ठेवला.

‘‘कसं झालंय?’’ टोपवाल्यानं विचारलं.

‘‘अहो, हे वाचून बँक पैसे नाही पाठवणार. डॉक्टर पाठवेल.’’

‘‘शब्द न् शब्द खरा आहे यातला.’’

‘‘तेच तर. माझ्याकडे एकानं लिहिलं होतं की त्याच्या गाडीवर बैल बसला. तेही खरं होतं. मी फेटाळलं.’’ तिनं एक दोडका बाजूला टाकला. ‘‘पुरावा कुठाय? त्या माणसानं वस्तू घेतली अशी सही?’’

‘‘टोपावर कुणी सही देतं का? गुपचूप येतात, गुपचूप जातात.’’

‘‘मग जा आणि त्याला विचारा, का असं केलंस म्हणून.’’

‘‘बाहेर ओळख दाखवायची नाही...’’

‘‘ओळख दाखवू नका. पंखा बघायला जा.’’

टोपवाला पंखा बघायला गेला.

पंख्यांच्या दुकानात शिरताच त्याच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या वेगवेगळ्या दिशांना उडू लागल्या. समोर पंखेवाला उभा होता. कपाळावरचे केस अलगद उठत होते आणि अलगद बसत होते, पिकात झुळूक शिरावी तसे. टोपवाला क्षणभर आपण कशाला आलो तेच विसरला. त्याचा ऊर भरून आला.

पंखेवाल्यानं त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पलीकडे, बटणांच्या फळीपाशी, त्याची बायको बसली होती.

‘‘टेबलावरचा पंखा दाखवा,’’ टोपवाला अनोळखी आवाजात म्हणाला.

पंखेवाल्यानं त्याला सर्वांत गोंगाट करणाऱ्या पंख्यापाशी नेलं आणि त्या घरघरीत ओरडून कुजबुजला, ‘‘काका, माझा नाइलाज झाला! हिशेब सगळे ती बघते. कार्डाचा कागद आला, त्यावर गादी. म्हणाली, गादी कुठाय? मी म्हणालो, यायचीय अजून. मला वाटलं, विसरेल!’’

‘‘मग?’’

‘‘ती विसरत नाही काका! माझ्या नावानं तिनंच बँकेला लिहिलं!’’

‘‘अहो पण बायकोला सांगायला काय हरकत आहे? तिला डोकं दिसत नाही का तुमचं?’’

पंखेवाल्यानं गल्ल्याकडे बोट केलं. तिथं हिरव्या तेलाच्या बाटल्यांची रांग होती आणि वर पंखेवाल्याचाच फोटो लावलेला होता. ‘‘तिला वाटतं, तिच्या तेलानं उगवले! वर्षभर चोळत होती. ती माहेराहून परत यायच्या आत मी तुमच्याकडून बसवून घेतले. तिनं दारातच रडायला सुरुवात केली काका! आता अर्धी गल्ली ते तेल नेते. खरं सांगितलं तर केस जातील, तेल जाईल आणि मागोमाग मी जाईन!’’

‘‘आणि माझं दुकान जाईल त्याचं काय? पैसे तुम्ही रोख द्या मला!’’

‘‘गल्ला तिच्याकडे, काका! चहाला पैसे मागितले तर विचारते, सकाळी घरी प्यालात ना!’’

धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, असं झालं. टोपवाल्यानं सगळा जोर एकवटला आणि ओरडला, ‘‘मग गादीचं करायचं काय?’’

नेमकं त्याच क्षणी बाईंनी वीज वाचवण्यासाठी फळीवरची सगळी बटणं बंद केली. त्याचं वाक्य शांत दुकानात एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आलं.

‘‘अच्छा!’’ बाई उठल्या. ‘‘म्हणजे ते गादीवाले तुम्हीच!’’

टोपवाल्यानं पंखेवाल्याकडे पाहिलं. पंखेवाल्यानं छताकडे पाहिलं.

‘‘मीच वहिनी,’’ टोपवाला म्हणाला.

‘‘लाज नाही वाटत? एका एकेरी गादीला एवढे पैसे? काय भरता तरी काय तिच्यात?’’

‘‘हातकाम असतं वहिनी. एकेक टाका हातानं.’’

‘‘मग कुठाय ती? महिना झाला! आणि तुमच्याकडे बघून का तोंड लपवतायत हे?’’

‘‘उशीर झाला म्हणून त्यांना माझीच लाज वाटतेय,’’ टोपवाला म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय होती, पण ती गादी संपल्याचं सांगण्याची होती. असल्याचं सांगण्याची नव्हती. ‘‘परवा आणतो.’’

‘‘आणा. मी सही देते आणि बँकेला तसं कळवते. नाही आणलीत तर पैसे माझ्याकडे आलेलेच आहेत, माझी काही तक्रार नाही.’’

घरी येऊन टोपवाल्यानं झालेलं सगळं सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मग द्या गादी.’’

‘‘मी? गादी?’’

‘‘पाटीवर काय लिहिलंय?’’

‘‘अगं, मी कलावंत आहे! एकेक केस गाठ मारून बसवणारा माणूस मी, कापूस पिंजू?’’

‘‘कापूस कशाला? तुमच्या माळ्यावर कात्रणाच्या केसांची सात पोती पडलीत. लग्नापासून सांगतेय, टाकून द्या. कलावंतांना टाकवत नाही. आता भरा.’’

रविवारी सकाळी दोघं माळ्यावरून पोती घेऊन बसले. बायकोनं खोळ शिवली, टोपवाल्यानं केस धुतले, वाळवले, विंचरले. गादीत भरायचे केस विंचरायचे कशाला, असं बायकोनं विचारलं, तेव्हा त्यानं आणखी बारीक दातांची फणी घेतली. काळे एकीकडे, पिंगट एकीकडे, असे थर लावायला घेतले. दुपारपर्यंत गादीचा चौथा हिस्सा झाला होता. बायकोनं थर मोडून सगळं एकत्र कोंबलं आणि त्याला चहा करायला पाठवलं. टाके मात्र त्यानंच घातले. इतके बारीक, की खोळ जिथं संपते आणि जिथं सुरू होते ते शोधूनही सापडेना. सवय जात नाही म्हणतात ती अशी.

सोमवारी गादी हातगाडीवरून गेली. पंखेवाल्या बाईंनी ती दाबून पाहिली, उलटून पाहिली, शेवटी तिच्यावर आडव्या झाल्या. मग बराच वेळ उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा चेहरा मवाळ झाला होता. ‘गादी मिळाली, उत्तम आहे’ असं लिहून त्यांनी खाली झोकदार सही ठोकली. दारामागे उभ्या पंखेवाल्यानं टोपवाल्याला डोळ्यांनीच नमस्कार केला. टोपवाल्यानं नियमाप्रमाणे ओळख दाखवली नाही.

बँकेला पत्र बायकोनं लिहिलं. टोपवाल्याचं म्हणणं होतं की निदान एक वाक्य कारागिरीवर असावं. बायको म्हणाली, ‘‘मी रोज पत्रं फेटाळते. माणूस फेटाळला जातो तो दुसऱ्या वाक्यात.’’ तिनं लिहिलं:

‘महोदय, ग्राहकाला गादी मिळाली आहे. ग्राहकाच्या पत्नीची सही सोबत जोडली आहे. रक्कम परत करावी.’

‘‘ही तीन वाक्यं झाली,’’ टोपवाला म्हणाला.

‘‘दुसऱ्यात सही आहे ना. मग चालतं.’’

चाललं. महिना संपायच्या आत पैसे परत आले आणि त्याच दिवशी घरमालकाकडे गेले. टोपवाल्यानं काचेमागची उशी झटकून पुन्हा नीट ठेवली आणि नव्या टोपाला बसला. आता जगातल्या माणसांशी केसांपुरताच संबंध येवो, असं मनात म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. पंखेवाल्या बाई होत्या आणि मागे तशाच चणीच्या आणखी तिघी.

‘‘ह्या माझ्या जावा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काय गादी आहे हो! पाठ दुखत होती इतकी वर्षं, गायब. घरात भांडणं लागलीत, त्या गादीवर कोण झोपणार म्हणून. चार करा. दुहेरी.’’

टोपवाल्यानं सुई खाली ठेवली, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, ‘‘आत्ताच संप...’’

‘‘पैसे आधी देतो आम्ही,’’ धाकटी जाऊ म्हणाली आणि कार्ड पुढं केलं.

पुढच्या सहा महिन्यांचं भाडं त्या कार्डाच्या चकचकीत पट्टीवर स्वच्छ दिसत होतं. टोपवाल्याच्या डोळ्यांपुढून माळा गेला, त्यावरची उरलेली पोती गेली, हातातला अर्धा टोप गेला. त्यानं मोजपट्टी गळ्यात अडकवली, पेन्सिल जिभेला लावली आणि अंगवळणी पडलेल्या आवाजात पहिला प्रश्न विचारला.

‘‘बरं, भांग कुठून पाडायचा? डावीकडून, की मधोमध?’’