एकदाच दाबलेलं बटण

ट्वायला ब्रेकीने बंदुकीचा घोडा ओढला तेव्हा तिचा हात हलला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाठपिशवीवर बंदूक टेकवून ती पालथी पडली होती, श्वास अर्धा सोडून थांबवला होता, आणि लहानपणापासूनच्या सवयीने बोट हळूच मागे आलं होतं. दरीपलीकडच्या उतारावरचा एल्क, घोड्याएवढ्या अंगाचा आणि डोक्यावर फांद्यांचा पसारा घेतल्यासारखा दिसणारा हरणाचा नर, जागच्या जागी कोसळायला हवा होता. तो पुढच्या पायांत वाकला, सावरला आणि लंगडत जळक्या पाइनच्या झाडीत शिरला.

"खाली लागली," शेजारी बसलेला तिचा नवरा ऑरिन म्हणाला. त्याने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नव्हती. एल्क उभा होता त्या जागेवर नेम धरून त्याने दुर्बिणीवरचं बटण पुन्हा दाबलं.

दुर्बीण नवी होती. गावच्या अग्निशमन दलाच्या सोडतीत ती ऑरिनला लागली होती. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा किरण समोरच्या वस्तूवर आपटून परत यायचा आणि काचेत तांबडे आकडे उमटायचे, इतके यार्ड म्हणून. आजवर ही दोघं अंतर नजरेनेच जोखत आली होती, आणि शंका आली तर गोळीच झाडत नसत. मोंटानाच्या त्या डोंगरातून दर नोव्हेंबरात हिवाळाभराचं मांस घरी न्यायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. यंदा ऑरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कड्यापर्यंत तो कसाबसा चढायचा, पण दरीत उतरणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्याने बघायचं आणि तिने गोळी झाडायची, असं ठरलं होतं.

"मी तुला तीनशे बारा सांगितलं," तो म्हणाला. "तीनशे नव्वद आहे."

किरण एल्कपर्यंत पोचलाच नव्हता. अलीकडच्या एका जळक्या बुंध्यावर आपटून तो परतला होता. ट्वायलाने त्या आकड्याप्रमाणे बंदुकीवरची नेमाची चकती फिरवली होती, आणि गोळी दीड वीत खाली बसली होती.

"दोन-तीनदा दाबून बघायला हवं होतं. तो चालायला लागेल म्हणून घाई केली मी."

"मला तो लांब वाटला होता," ट्वायला म्हणाली. "माझी नजर सांगत होती, तरी मी आकड्यावर गेले. आता कोणाचं चुकलं ते राहू दे. तो कुठे शिरला ते नीट ध्यानात ठेव."

जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते मैलोन्‌मैल पळतं. थोडं सोडलं तर जवळपास कुठेतरी बसतं. म्हणून दोघं तिथेच थांबली. तेवढ्यात गोळीचा आवाज ऐकून व्हर्न स्टोल्झ कॉफीचा थर्मास घेऊन वर आला. खालच्या वाटेवर त्याचा तंबू होता, आणि त्याची खेचरं त्या खोऱ्यात सगळ्यांच्या उपयोगी पडत. झालेला प्रकार ऐकून त्याने आधी ऑरिनची फिरकी घेतली. एवढी महागाची दुर्बीण आणि तिने तुला झाडाचं अंतर सांगितलं, झाडाचीच शिकार करायची होती तर कुऱ्हाड आणायची होतीस, म्हणाला. मग मात्र तो गंभीर झाला. छातीच्या खालच्या मांसातली जखम भरून येते, त्याने स्वतः असे एल्क पाहिले होते. संध्याकाळी बर्फ पडणार आहे, ट्वायला एकटी त्या पडझडीच्या झाडीत कुठे शोधणार? एका जनावराचा परवाना अजून कोराच आहे. वरच्या कुरणात दुसरा कळप आहे, तिकडे जा, असं त्याचं म्हणणं.

"भरेलही जखम," ट्वायला बुटांचे बंद आवळत म्हणाली. "नाहीतर पाय कुजून मरायला त्याला महिना लागेल. माझी गोळी त्याच्या अंगात आहे, व्हर्न. परवाना त्याच्या नावावर लागला. दुसऱ्यावर मी झाडणार नाही."

व्हर्नने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्यापुढे धरली.

वायरलेसवरून जनावराचा ठावठिकाणा सांगायला तिथे कायद्याने मनाई. म्हणून नवरा-बायकोने खुणा ठरवल्या. ऑरिनने आपलं नारिंगी जाकीट काठीला बांधायचं. काठी डावीकडे धरली तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, डोक्यावर धरली तर वर, आडवी जमिनीवर टाकली तर थांब. एवढं बोलून ती उतरली.

ओढा ओलांडून पलीकडे चढायला तिला फार दम लागला. गोळी लागली तिथे केसांचा झुबका आणि पानांवर थोडं गडद रक्त सापडलं. तिने रक्ताचा माग धरला. दोन पावलांवर एक थेंब, मग दहा पावलांवर एक, मग एका ओंडक्यावर पुसल्यासारखा डाग. पुढे दगडांची मोठी घसरण लागली आणि तिथे माग संपला. घसरणीच्या कडेकडेने तिने दोनदा फेरा घातला. गुडघे टेकून एकेक दगड पाहिला. काही नाही. दुपार कलली, डोंगरमाथे ढगांत गेले. तिने खिशातली सुक्या मांसाची पट्टी चघळली, बर्फगार पाणी प्यायली, आणि तिसरा फेरा सुरू केला.

इकडे कड्यावर ऑरिन जागचा हलला नव्हता. समोरच्या उताराचे त्याने मनातल्या मनात वाफे पाडले होते आणि एकेक वाफा तो दुर्बिणीतून विंचरत होता. डोळ्यांतून पाणी यायचं, बाहीने पुसून तो पुन्हा बघायला लागायचा. व्हर्नने दुर्बीण मागितली तर त्याने दिली नाही. असा बराच वेळ गेल्यावर त्याला दोन डोमकावळे दिसले. घसरणीच्या पुष्कळ वर, एका वाळल्या झाडावर ते बसले होते आणि मान वाकडी करून खाली बघत होते. त्या झाडाखाली ओंडक्यांचा ढीग होता. ढिगातली एक फांदी बाकीच्या फांद्यांपेक्षा गुळगुळीत होती, आणि तिचं टोक पांढरं होतं. ती हलली.

आता त्याने घाई केली नाही. कोपरं गुडघ्यांवर टेकवून बटण दाबलं. एक आकडा आला. पुन्हा दाबलं, दुसराच आला, मधल्या झुडपाचा. जरा सरकून, फटीतून नेम धरून दाबत राहिला. सलग तीनदा तोच आकडा आल्यावर त्याने ट्वायलाचं अंतर घेतलं. ती एल्कच्या दीडशे यार्ड अलीकडे, खाली होती. ऑरिनने काठी डोक्यावर धरली.

ट्वायलाला वरच्या झाडीत काहीच दिसत नव्हतं. कड्यावरचा नारिंगी ठिपका तेवढा दिसत होता. सकाळी याच माणसाच्या आकड्यावर विसंबून ती चुकली होती, हे तिच्या मनात आलं. ते तिने मनातच राहू दिलं आणि चढायला लागली. वारा वरून खाली येत होता, तिचा वास जनावरापर्यंत जाणार नव्हता. ठिपका डावीकडे झाला, ती डावीकडे वळली. पुन्हा वर. बर्फाची भुरभुर सुरू झाली. मग ठिपका खाली गेला आणि दिसेनासा झाला.

ती थांबली. ओंडक्यांमागे आधी कान दिसला, मग डोळा. दोघांत अंगणाएवढीच जागा होती. एल्क उठायला गेला, पुढचा पाय दुमडला, तरी तो उठला. ट्वायलाने उभ्यानेच बंदूक खांद्याला लावली आणि गोळी झाडली. या वेळी तो पडला, आणि पुन्हा हलला नाही.

जवळ जाऊन तिने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याचा डोळा निस्तेज होईपर्यंत तशीच बसून राहिली. मग परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, सुरी काढली आणि उजेड होता तोवर पोट साफ करून मांस फांद्यांवर निवत ठेवलं. अंधार पडायच्या आत ती ओढ्याशी पोचली, तर ऑरिन तिथे उभा. काठीच्या आधाराने, बसत-घसरत, व्हर्नच्या शिव्या खात तो सगळा उतार उतरून आला होता. ती त्याच्यावर चिडली. गुडघा पुन्हा फाडून घ्यायचाय का, म्हणाली. त्याने तिची बंदूक स्वतःकडे घेतली.

सकाळी व्हर्नने खेचरं आणली. एका खेचरावर ऑरिनलाही बसवून नेलं. मांसाचे वाटे बांधताना ऑरिनने पहिली जखम शोधून काढली, तिच्यात बोट घालून पाहिलं. हाड फुटलं होतं.

"ही भरली नसती," तो म्हणाला.

"नसती," ट्वायला म्हणाली.

व्हर्नने ऐकलं आणि दोर आवळत राहिला. दुपारी तंबूत बिडाच्या तव्यावर कांद्याबरोबर काळीज परतलं, तेव्हा पहिली ताटली त्याने ट्वायलापुढे ठेवली. ती भुकेली होती. पोटभर जेवली, आणि लगेच मांस गाडीत चढवायला उठली, कारण घाटातला बर्फ वाढत होता.